कूपरेजचं जुनं खातं

फुटबॉलवर बोलणाऱ्याला फुटबॉल खेळता आला पाहिजे अशी अट कोणी घातली असती, तर आमच्या बँकेतली जेवणाची सुट्टी वेळेवर संपली असती. सुदैवाने तशी अट नाही. त्यामुळे काउंटरवर 'भोजनाची वेळ' ही पाटी लागली, की आत डबे उघडतात आणि डब्यांच्या आधी तोंडं उघडतात. विषय ठरलेला. यंदा जेतेपद कोणाचं? आणि या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं तेही ठरलेल्या शब्दांनी : "यंदाचं सोडा हो, एके काळी..." यंदाचं बोलायला बसलेली माणसं पोळीचा दुसरा घास घेईपर्यंत १९७५ सालात पोचलेली असतात. हा वेग आमच्या सर्व्हरला असता, तर लोक बँकेला नावं ठेवायची विसरले असते.

बँकेचं नाव मी लिहीत नाही. एक तर शिस्तीचा प्रश्न, आणि दुसरं म्हणजे हल्ली बँकांची ज्या झपाट्याने विलीनीकरणं होतात ती पाहता, हा लेख छापून होईस्तोवर ते नाव तेच राहील याची मला खात्री नाही.

मंडळींची ओळख करून देतो. कर्ज विभागात एक बंगाली गृहस्थ आहेत, अठ्ठावन्न वर्षांचे. सगळे त्यांना दादा म्हणतात. तीस वर्षं डोंबिवलीत काढून मराठी फर्डं बोलतात, पण रक्त मोहन बागानचं. बागान जिंकलं की डब्यात कोळंबी. ईस्ट बंगालवाल्यांचा मासा हिलसा. तोही दादांच्या घरी शिजतो, पण त्याचा उल्लेख करायचा नाही. कॅशियर मडगावचे. नोटा मोजताना बोलत नाहीत आणि धेंपोबद्दल बोलताना नोटा मोजत नाहीत. मॅनेजरसाहेब लिव्हरपूलचे. म्हणजे राहणारे मुलुंडचे, पण निष्ठा लिव्हरपूलला. तीस वर्षं वाट पाहून लिव्हरपूलला २०२० साली लीग मिळाली आणि नंतर २०२५ साली पुन्हा मिळाली. त्या दुसऱ्या वेळी आमच्यापैकी तिघांनी एकाच दिवशी रजेचे अर्ज पुढे केले आणि तिन्ही मंजूर झाले. इंग्लंडच्या फुटबॉलचा आम्हाला झालेला एवढाच काय तो फायदा. शिवाय दोन वर्षांपूर्वी आलेला एक कोल्हापूरचा पोरगा आहे, शिवाजी पेठेतला. त्याच्याकडे नंतर वळू, कारण तो बोलू लागला की दुसऱ्याला वळता येत नाही.

राहिलो मी. मी गिरगावचा, कूपरेज मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा. माझाही एक संघ होता. तो वारला.

मी कॉमर्सचा पदवीधर. पुस्तपालनात आम्हाला शिकवलं होतं, की यंत्र, फर्निचर, मोटारगाडी असल्या मालमत्तेच्या किमतीतून दरसाल घसारा वजा करायचा. खुर्ची दहा वर्षांत कागदावर शून्य होते, मग तिच्यावर साहेब बसलेले का असेनात. पण फुटबॉलची आठवण ही अशी मालमत्ता आहे, की तिला घसारा म्हणून लागत नाही. आमच्या टेबलावर एकाही जुन्या गोलाची किंमत उतरलेली मी पाहिलेली नाही. फक्त दुसऱ्याच्या गोलाची उतरते.

आता दादांचंच पाहा. ३० सप्टेंबर १९७५ या दिवशी आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने बागानला पाच शून्य असं धुतलं. दादा तेव्हा आठ वर्षांचे होते. आज पन्नास वर्षं झाली तरी कॅशियर नुसता उजव्या हाताचा पंजा दाखवतात आणि दादांचा घास घशात अडकतो. त्यावर दादांचा उतारा म्हणजे १९११. त्या साली २९ जुलैला याच शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्यांना दोन एक असं हरवलं. अकरापैकी दहा गडी अनवाणी. एकाच्याच पायात बूट. शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी केलेले ते दोन गोल दादा असे सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ साइडलाइनवर लिंबं कापत उभे होते. त्यांचा जन्म त्यानंतर छप्पन्न वर्षांनी झाला, हा तपशील आम्ही काढत नाही. जेवताना काही पथ्यं पाळावी लागतात.

कॅशियरांचा पाढा छोटा पण नोटांसारखा करकरीत. राष्ट्रीय लीग आणि पुढे तिचीच झालेली आय-लीग मिळून धेंपोने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा जेतेपद घेतलं, पाचही वेळा प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. पूर्वीचा गोलकीपर विचारलात तर ब्रह्मानंद शंखवाळकर. तो साळगावकरचा, म्हणजे प्रतिस्पर्धी. पण गोलकीपरच्या बाबतीत गोवेकर पक्षभेद मानत नाहीत.

"आणि तुमच्या मुंबईचं काय?" असा प्रश्न मग माझ्याकडे येतो. काही मुंबईकर या ठिकाणी सचिन तेंडुलकरचं नाव घेऊन सुटका करून घेतात. मी रोव्हर्स कपचं घेतो.

रोव्हर्स कप सुरू झाला १८९१ साली. ड्युरँड कप त्याच्याहून तीनच वर्षांनी थोरला. पहिला मान वूस्टरशायर रेजिमेंटने पटकावला, आणि पुढे पंचेचाळीस-एक वर्षं हा कप एका पलटणीकडून दुसऱ्या पलटणीकडे जात राहिला, जशी सरकारी क्वार्टर एका साहेबाकडून दुसऱ्याकडे जाते. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो प्रथमच हिंदी माणसांच्या हातात आणला आणि नंतरच्या वर्षी पुन्हा जिंकून, हे चुकून झालं नव्हतं असं दाखवून दिलं. स्वातंत्र्यानंतर कलकत्ता, हैदराबाद, गोवा, पंजाब असे सगळीकडचे संघ या कपासाठी मुंबईत यायचे आणि कूपरेजवर सामने व्हायचे. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा. त्या कारागिरांच्या शेडवरून जागेला नाव पडलं. पिंपं गेली, नाव राहिलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मुंबईच्या फुटबॉललाही लागू पडणार आहे.

मी स्वतः रोव्हर्स कप पाहिला तो कॉलेजात असताना, १९९० च्या दशकाच्या शेवटी, म्हणजे दुकान बंद व्हायच्या वेळी. पण त्याचा खरा साक्षीदार आमच्याकडे वर्षातून एकदा येतो, नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यायला.

हे आमच्याच बँकेचे पेन्शनर. वय त्र्याऐंशी. आम्ही त्यांना काका म्हणतो. हयातीचा दाखला आता मोबाइलला चेहरा दाखवूनही देता येतो, पण काका अजून स्वतः येतात. "मोबाइलला माझी हयात पटेल, मला मोबाइलची पटत नाही," म्हणतात. एका मिनिटात सही करून आपण जिवंत असल्याचं सिद्ध करतात आणि मग आमच्या टेबलाशी बसून दीड तास इतरांना जिवंत करतात.

काका १९५४ साली बारा वर्षांचे होते. गिरणीतल्या पाळीला दांडी मारून वडिलांनी त्यांना कूपरेजवर नेलं, कारण हैदराबाद सिटी पोलीस आले होते. या पोलिसांनी १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वेळा रोव्हर्स कप नेला. पाच वर्षं एकाच घरी चोरी झाली आणि प्रत्येक वेळी चोर पोलीसच होते, हा काकांचा विनोद आम्ही दर नोव्हेंबरला पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकतो. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, मुळातले शाळामास्तर. १९५१ आणि १९६२ या दोन्ही एशियाडची सुवर्णपदकं भारताला मिळाली ती त्यांच्या हाताखाली. १९६३ साली ते गेले. आमच्या कोल्हापूरकराला रहीमसाहेब माहीत आहेत, पण २०२४ च्या 'मैदान' चित्रपटातले. गेल्या खेपेला तो म्हणाला, "काका, अजय देवगण भारी वाटतो बघा त्यात." काकांनी विचारलं, "हाफला खेळतो की फॉरवर्डला?"

काकांचं दैवत नेव्हिल डिसोझा. मूळचा गोव्याचा, खेळला मुंबईत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने यजमान ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत तेव्हा चौथा आला. तर या नेव्हिलने कूपरेजवर मारलेला एक गोल काकांनी पाहिला आहे. २०१७ साली मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा चेंडू वीस यार्डांवरून मारलेला होता. २०२५ च्या नोव्हेंबरात तो बत्तीस यार्डांवर गेला होता. मी जेवण झाल्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. वीसचे आठ वर्षांत बत्तीस, म्हणजे दरसाल शेकडा सहा, चक्रवाढ. आम्ही ज्येष्ठ नागरिकांना ठेवीवर देतो त्याच्या आसपासचाच दर. मला हिशेबात काही गैर आढळलं नाही. आणखी वीस वर्षांनी नेव्हिल चेंडू मंत्रालयाच्या गेटातून मारील. मारू दे बापडा.

पण काकांची खरी गंमत वेगळीच आहे. ते बँकेत आले ते डाव्या पायाच्या जोरावर. १९६३ साली बँकेच्या संघाला लेफ्ट हाफ हवा होता. तो काळ मुंबईत कचेऱ्यांच्या फुटबॉलचा होता. स्टेट बँक, रिझर्व्ह बँक, सेंट्रल बँक, बँक ऑफ इंडिया, युनियन बँक यांचे संघ. टाटांचा संघ, रेल्वेचा संघ, एअर इंडियाचा संघ, मफतलाल आणि ऑर्के या मिल्सचे संघ. १९५८ चा रोव्हर्स कप जिंकला तो कॅल्टेक्सने, म्हणजे एका तेलकंपनीने. फुटबॉल हे तेव्हा चाळीतल्या पोराला कायम नोकरीत नेणारं दार होतं. काका दुपारी तीनला लेजर मिटायचे आणि किटची पिशवी घेऊन मैदानावर जायचे. शाखेच्या प्रमुखाला तेव्हा एजंट म्हणत. सामना जिंकला की दुसऱ्या दिवशी एजंट स्वतः चहा सांगायचे. हरला की लेजरची टोटल तपासायचे. "एकदा सेमीफायनल हरलो," काका सांगतात, "आणि माझ्या लेजरात सव्वा रुपयाचा फरक सापडला. जिंकलो असतो तर तो फरक आजही तिथेच असता."

मग २००० साल उजाडलं. सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, हजारो लोकांनी ती घेतली, काकांनीही घेतली. आणि बरोबर त्याच सुमारास, २०००-०१ चा हंगाम खेळून, रोव्हर्स कपनेही स्वेच्छानिवृत्ती घेतली. शेवटचा कप मोहन बागानने नेला. त्यांचा तो चौदावा. दादा अजून ऐटीत सांगतात, "पंचवीस वर्षं आम्ही चॅम्पियन आहोत." दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या खात्यातली रक्कम नियमाप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. तो न्याय लावला तर रोव्हर्स कप आता गव्हर्नरांच्या केबिनमध्ये असायला हवा.

आता माझ्या संघाचं. माझा संघ महिंद्रा युनायटेड. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग या मुंबईच्या संघाने जिंकली, हे मी आजही लोकांना सांगतो तेव्हा ते माझ्याकडे, मी खोटी नोट पुढे केल्यासारखे पाहतात. पण खरं आहे. डेरिक परेरा प्रशिक्षक. ब्राझीलचा बारेटो, घानाचा याकुबू, आपल्या मुंबईचा स्टीव्हन डायस. कोलकात्यात १९९७ साली बागान विरुद्ध ईस्ट बंगाल पाहायला एक लाख एकतीस हजार माणसं आली होती. आमच्याकडे टाळ्या वाजल्या की कोणत्या कोणाच्या हे ओळखता यायचं. एक गृहस्थ रोज पश्चिमेच्या बाजूला बसून चणे खात, आणि गोल झाला की पुडी खिशात ठेवून मग टाळ्या वाजवत. तोवर सेंटर झालेली असे. तरी तो आमचा संघ होता. भारतातला पहिला नंबर, आणि मी तो ऑफिस सुटल्यावर चालत जाऊन पाहत होतो.

२०१० साली कंपनीने संघ बंद केला आणि शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर लक्ष द्यायचं ठरवलं. निर्णयात काही वावगं नव्हतं. ट्रॅक्टर बनवणाऱ्याने गोलही बनवलेच पाहिजेत असा कायदा नाही. पण मला त्या दिवशी पुस्तपालनातली एक नोंद आठवली. धंदा विकला की मालक यंत्रं, माल, येणी यांच्याबरोबर ख्यातीचीही किंमत लावतो. ख्याती म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनात दुकानाविषयी जे काही साठलेलं असतं ते. इथे दुकान विकलं नव्हतं, मिटलं होतं. मग ती ख्याती कोणत्या खात्यावर टाकायची? ती होती आमच्याकडे, माझ्याकडे आणि त्या चणेवाल्या गृहस्थांकडे. आणि आमच्या बाजूला कोणी लेजरच ठेवलेलं नव्हतं.

हे एकदा मी टेबलावर बोलून दाखवलं, तर कोल्हापूरकर म्हणाला, "साहेब, तुमची चूक काय झाली सांगू का? तुमची टीम कंपनीची होती. आमची टीम तालमीची हाय." त्याच्याकडे पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही नुसती संघांची नावं नाहीत, ती तालमींची नावं आहेत आणि तालमीमागे गल्ली नि पेठ उभी आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की घरातला आजा आणि नातू एकाच पेठेसाठी घसा फोडतात. कधी कधी इतकं प्रेम उतू जातं, की पोलिसांना मैदानात उतरावं लागतं, आणि हे पोलीस हैदराबादचे नसतात. "कंपनी बंद पडंल," तो म्हणाला, "पेठ कशी बंद पडंल?" यावर मॅनेजरसाहेबसुद्धा दोन मिनिटं लिव्हरपूल विसरले.

दादांनी लगेच मान डोलावली, कारण त्यांनाही तो अनुभव आहे. २०२० साली बागानचा संघ एका नव्या संघात विलीन झाला आणि १८८९ पासूनच्या नावाच्या पुढे ए.टी.के. ही तीन अक्षरं चिकटली. समर्थकांनी तीन वर्षं तगादा लावला, सामन्यांत फलक धरले, आणि २०२३ साली ती तीन अक्षरं काढायला लावली. बँकांच्या विलीनीकरणात इतकी वर्षं काढूनही असं काही करता येतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

मुंबईला २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर मुंबई सिटी हा नवा संघ मिळाला. तो आपला म्हणायला मला वेळ लागला. विधुराने दुसरं लग्न करताना लावावा तेवढा. २०२१ च्या मार्चमध्ये त्यांनी बागानला अंतिम सामन्यात दोन एक हरवलं, विजयाचा गोल नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा. पण करोनामुळे मडगावच्या त्या मैदानावर प्रेक्षकच नव्हते. मला तर जुनं कूपरेजच आठवलं. खरा सोहळा झाला २०२४ मध्ये. १५ एप्रिलला कोलकात्यात बागानने मुंबईला दोन एक हरवून लीगची ढाल नेली. दुसऱ्या दिवशी दादांनी अख्ख्या शाखेला संदेश वाटले आणि मला दोन दिले. एकोणीस दिवसांनी त्याच मैदानावर, त्याच बागानला, मुंबईने तीन एक हरवून कप नेला. सोमवारी मी गिरगावातून बटाटेवडे नेले. दादांनी तीन खाल्ले, एका गोलाला एक, आणि एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी बागानने ढाल आणि कप दोन्ही नेले. संदेश पुन्हा आले.

आणि मग २०२५ आलं. जुलैत लीगच स्थगित झाली. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार डिसेंबरात संपणार होता आणि पुढे काय ते ठरेना. सप्टेंबर गेला. ऑक्टोबरात फेडरेशनने निविदा मागवली, तर नोव्हेंबरात मुदत संपेपर्यंत एकही आली नाही. म्हणजे नोटीस लावून लिलाव पुकारला आणि समोर माणूस नाही. कर्ज विभागात आम्ही हे दृश्य पाहतो, पण तिथे विकायला पडीक गाळा असतो. आमच्या टेबलाची पंचाईत झाली. जेतेपदाचे दावेदार कोण, हे बोलायचं तर आधी जेतेपद हवं. तरी दादांनी बागानला पहिलं ठेवलं. मी मुंबईला दुसरं ठेवलं. कॅशियरांनी एफ.सी. गोवासाठी पन्नास रुपये लावले आणि पावती मागितली.

अशात काका दाखला द्यायला आले. यंदा लीग नाही हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी जिवंत आहे हे दरवर्षी येऊन सांगतो, म्हणून पेन्शन चालू आहे. त्यांच्यातर्फे सही कोण करणार?" त्या दिवशी नेव्हिलचा गोल त्यांनी सांगितला खरा, पण मीच आग्रह केला म्हणून.

जानेवारीत घोषणा झाली, की फेब्रुवारीपासून आखूड हंगाम घेणार. मी काकांना फोन केला. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे बातमी आमच्या मजल्यावर सर्वांनाच कळली.

"चला, सुरू होतंय ना," ते म्हणाले. "हैदराबाद आहे का यंदा?"

"नाही काका. हैदराबादचा संघ २०२५ मध्ये दिल्लीला गेला. आता दिल्लीच्या नावाने खेळतो."

"काय झालं?"

"दिल्लीला गेला!" मी ओरडलो.

"बदली झाली होय," काका म्हणाले. "घरभाडं देतायत ना?"